पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, दोन उन्हाळे वापरल्यानंतर

ज्यांचं घर गवताळ डोंगराच्या अंगाला आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांना ब्लोअर म्हणजे सोसायटीतला पाला उडवायचं मशीन एवढंच वाटेल. आम्ही भोर तालुक्यात राहतो, भाटघर धरणाच्या मागे वेळवंड खोऱ्यात. घराच्या खाली भातखाचरं, वर गवताचा माळ आणि त्याच्या वर फॉरेस्ट. दिवाळी झाली की माळ पिवळा पडतो आणि फेब्रुवारी लागला की रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसायला लागते. पाहुणे फोटो काढतात. मला मात्र वारा कुठून कुठे चाललाय ते कळेपर्यंत झोप येत नाही.

3 वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो वणवा आमच्या आवारात शिरला. घर वाचलं, पण आंब्याची कलमं होरपळली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या आणि वरच्या झऱ्यावरून पाणी आणणारा काळा पाइप जवळजवळ 200 फूट जळाला. म्हणजे आग विझवायचं पाणी ज्या पाइपातून येणार तो पाइपच आधी गेला, हे मी तोपर्यंत कधी डोक्यातच घेतलं नव्हतं. त्या दिवशी वनखात्याची माणसं पाठीला ब्लोअर लावून आली होती, दोघांनी मिळून उतारावरची कमरेखालची आग वाऱ्याच्या झोताने जळालेल्या बाजूला ढकलत नेली आणि मागून गावातली पोरं अंजनीच्या ओल्या डहाळ्यांनी उरलेली धग झोडपत गेली. ते बघून पुढच्या हंगामाआधी आम्ही स्वतःचा घेतला, 18 हजारांच्या आसपास पडला.

आता खरा अनुभव. पहिली गोष्ट म्हणजे हे मशीन आग विझवायला म्हणून घेऊ नका, आग लागायच्या आधी वापरायला घ्या. आमचा 10 पैकी 9 वेळचा वापर जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला घराभोवती गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, साफ ठेवायला होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत वाळत आलं की आम्ही घराभोवती ब्रश कटरने पट्टा कापून घेतो, बाजूंना 5-6 मीटर आणि खालच्या उताराकडे 10 मीटर, कारण आग चढावर पळते, ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात, आणि आमच्याकडे दुपारचा वारासुद्धा खालून वरच वाहतो. 2018 मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात जे ट्रेकर गेले ते असेच गवताळ उतारावर आगीत सापडले होते, ती बातमी वाचल्यापासून खालच्या बाजूची कापणी मी स्वतः उभं राहून करून घेते. पण नुसतं कापून भागत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, साग सगळेच पानं टाकतात आणि 8 दिवसांत तुमचा स्वच्छ पट्टा परत पाल्याने भरतो. झाडूने आणि दाताळ्याने तो साफ करायला आम्हाला 2 माणसं आणि अख्खा दिवस लागायचा, ब्लोअरने एक माणूस दीड-दोन तासात माती दिसेपर्यंत उडवतो. एवढ्या एका कामासाठी पैसे वसूल.

दुसरं काम छपराचं. आमचं जुनं कौलारू घर, मागे बांबूचं बेट. कौलं आणि पत्रा जिथे भेटतात त्या पन्हळीत बांबूची पानं साठतात, सुकून एकदम कागदासारखी होतात. वणव्याची ज्वाळा घरापर्यंत यायलाच पाहिजे असं नाही, वाऱ्याबरोबर ठिणग्या येतात आणि त्या नेमक्या अशा फटीत पडतात. गेल्या मार्चमध्ये वरच्या माळाला आग होती, पट्ट्याच्या बाहेरच थांबली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून बघितलं तर पन्हळीत 3 ठिकाणी काळे डाग आणि बोटाएवढी जळकी काडी पडलेली. 2 दिवस आधीच पन्हळ ब्लोअरने रिकामी केली होती म्हणून तिथे पेटायला काही नव्हतं. मी ती काडी हातात घेऊन बराच वेळ शिडीवरच उभी होते.

प्रत्यक्ष आगीवर आम्ही एकदाच वापरलाय आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिते. गुडघ्याएवढ्या गवताची आग असेल, तुम्ही बाजूने किंवा जळून गेलेल्या भागातून काम करत असाल, सोबत डहाळी घेतलेली 2-3 माणसं असतील आणि मागे निघायची वाट मोकळी असेल तरच. झोत चुकीच्या बाजूला गेला की हेच मशीन भात्यासारखं काम करतं, आग विझायची सोडून पुढे पळते. माणसाच्या उंचीच्या ज्वाळा असतील तर सरळ बाहेर पडायचं. आणि गरम इंजिनमध्ये आगीच्या जवळ पेट्रोल ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी. एका टाकीत आमचा साधारण तासभर चालतो, तेवढ्या वेळात जमलं नाही तर मागे या.

तक्रारी आहेत. वजन पेट्रोलसकट 10-11 किलो, सपाटीवर ठीक, चढावर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. पाठीला अडकवायच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल दुसऱ्याच महिन्यात तुटलं, आता चप्पल शिवणाऱ्या काकांकडून लोखंडी लावून घेतलंय. हवेच्या घडीच्या पाइपाला ठिणगीने लगेच भोक पडतं. आवाज प्रचंड, कानाला काहीतरी लावल्याशिवाय चालवू नका. सगळ्यात जास्त मनस्ताप सर्व्हिसचा झाला. पहिल्या पावसाळ्यात टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरला, जानेवारीत दोरी ओढून ओढून मशीन सुरूच होईना, आणि डीलरने 3 आठवडे ठेवून घेतलं, रोज फोन केला की पार्ट येतोय. वणव्याच्या तोंडावर 3 आठवडे म्हणजे काय हे शहरातल्या काउंटरवर बसलेल्या माणसाला समजावून सांगता येत नाही. विकताना हे कोणीतरी सांगायला हवं होतं की पाऊस सुरू व्हायच्या आधी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं. टू-स्ट्रोक आहे, आमच्या मशीनला लिटरला 25 मिली ऑइल लागतं, तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेवढंच घाला, अंदाजाने नको.

5 पैकी 4 देईन, एक सर्व्हिससाठी कापला.

पण बजेट कमी असेल तर आधी ब्लोअर घेऊच नका. आधी गवत कापून घ्या, झऱ्याचा पाइप वीतभर मातीत गाडा, प्लास्टिकच्या टाकीखालचं आणि भोवतीचं गवत खरवडून काढा, सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीपासून लांब न्या. आमच्याकडे गोवऱ्या पडवीला टेकून असायच्या, सासूबाईंना पटवायला वेळ लागला पण आता त्याच सगळ्यांना सांगतात. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर मोबाइल नंबर नोंदवला की आपल्या भागात उपग्रहाला दिसलेल्या आगीचा मेसेज येतो, फुकट आहे, मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि गवताची आग तासाभरात डोंगर पार करते, त्यामुळे मेसेजच्या भरवशावर राहू नका. धूर दिसला की वनखात्याला 1926 वर फोन, आम्ही करतो. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. राब भाजायला, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन पालापाचोळा जाळून भाजायला, माझी ना नाही, ते शेतीचं काम आहे आणि आमच्या गावात माणसं शेजारी उभी राहून, पाणी ठेवून भाजतात. पण पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून माळ पेटवून देऊन निघून जाणं हे मनाला फार लागतं. पहिल्या वळवात त्या उघड्या माळाची माती ओढ्याला लाल होऊन जाताना आम्ही दरवर्षी बघतो, आणि त्यात करवंद, जांभूळ, हिरड्याची रोपं जातात ती वेगळीच.

घेणार असाल तर 3-4 घरांत मिळून एक घ्या. आमचा आता वरच्या वाडीतली 3 घरंही वापरतात, पेट्रोल ज्याचं त्याने घालायचं आणि परत देताना फिल्टर झटकून द्यायचा एवढा नियम. आणि दुकानात पट्टे अंगावर चढवून, टाकी भरून, पाच मिनिटं चालून बघा, बायकांनी तर नक्कीच, कारण दुपारी 2 वाजता धूर दिसतो तेव्हा घरातले पुरुष बहुतेक भोरला किंवा पुण्याला कामावर असतात.