काळ्या दगडासाठी एचपी५

मी एक्स-रे टेक्निशियन. नोकरीची सुरुवातीची वर्षं डार्करूममध्ये फिल्म धुण्यात गेली, मग सगळं डिजिटल झालं आणि डेव्हलपरचा, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाचा, वास दुरावला. गेल्या वर्षी बाबांचा निकॉन एफएम२ कॅमेरा कपाटातून काढला, तो खरं तर त्या वासासाठीच. त्यात आजवर इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे नऊ रोल घातले, पैकी सहा काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, शिल्पांच्या दालनात. तेव्हा हा अभिप्राय फिल्मचा असला तरी तिथल्या दगडांपुरताच.

दालनात फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडही नाही. म्हणजे येईल तेवढा उजेड आणि आपले हात. ४०० आयएसओची (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्म, ५० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, २ वर ठेवलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर साधारण १/३० सेकंद सांगतो. मग खांबाला पाठ टेकायची आणि श्वास धरायचा. पहिल्या दिवशी पहारेकरी तीनदा येऊन बघून गेले.

"ताई, फ्लॅश नाही ना उडणार?"

"नाही हो दादा, फ्लॅशच नाहीये याला."

"मग एवढा वेळ काय करताय?"

एवढा वेळ लागतो घारापुरीहून आणलेल्या महिषासुरमर्दिनीपाशी. सहाव्या शतकातलं शिल्प, बेसाल्टचं. दगड काळा आहे हे मीटरला कुठे कळतंय? त्याला दिसेल ते सगळं मधल्या करड्या छटेचं वाटतं. त्याचं ऐकलं तर देवी सिमेंटची येते. (माझ्या एका रोलमध्ये आली.) म्हणून मी एक स्टॉप कमी करून, म्हणजे उजेड निम्मा करून, १/६० ठेवते. दगड काळाच राहतो, वर हात हलायची भीतीही कमी. घाटदार अंगावर उजेड विझत जातो तो उतार एचपी५ फार हळुवार पकडते. करड्याच्या इतक्या पायऱ्या मिळतात की भिंग लावून निगेटिव्ह बघताना मी चहा विसरते. आणि फिल्मचे दाणे! फोटोत ते बेसाल्टच्या पृष्ठभागात असे मिसळतात की दगड कुठे संपला आणि फिल्म कुठे सुरू झाली, सांगता येऊ नये.

एकदा हौसेनं रोल १६०० ला ओढला, म्हणजे फिल्म १६०० ची समजून फोटो काढले आणि जास्त वेळ धुतली. उजळ भाग आले, पण अंधारातलं सगळं कोरं. आमच्या भाषेत सांगायचं तर हाड दिसलं, बाकी पेशंट गायब. ४०० च बरं.

सुरुवातीचे दोन रोल शहरातल्या एका लॅबमध्ये दिले होते. त्यांनी स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट इतका चढवला की मूर्ती कोळशाच्या झाल्या. विचारलं तर, "मॅडम, लोकांना असंच आवडतं." त्या दिवसापासून बाथरूममध्ये स्वतः धुते. डी-७६ नावाचा डेव्हलपर न पातळ करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. मुंबईत वीस अंश म्हणजे चेष्टाच. मे महिन्यात टाकीतलं पाणी नळाला गरमच येतं. परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या बुडवून ठेवते. आई फ्रीझर उघडून विचारते, "सरबताला बर्फ ठेवला होता, गेला कुठे?"

तिथल्याच, कर्नाटकातल्या ऐहोळेच्या उडत्या गंधर्व जोडप्यावरही फिल्म छान चालली, फक्त तिथे स्टॉप कमी करायची गरज पडली नाही.

किंमत टोचते. छत्तीस फोटोंचा रोल आणि वर केमिकल, प्रत्येक क्लिकला रिक्षाचं मीटर पडल्यासारखं वाटतं. शिवाय पावसाळ्यात निगेटिव्ह वाळता वाळत नाही. हा दोष फिल्मचा नाही म्हणा, पण निस्तरावं मलाच लागतं.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो त्याच वस्तुसंग्रहालयातल्या मिरपूरखासच्या मूर्तींमुळे. सिंधमधल्या बौद्ध स्तूपाच्या, भाजलेल्या मातीच्या. त्या मातीची ऊब हेच त्यांचं अर्धं रूप, आणि एचपी५ वर ती राखेसारखी दिसते. पिवळा फिल्टर लावून पाहिला, उजेड तेवढा आणखी कमी झाला. त्यांच्यासमोर मी आता कॅमेरा पिशवीत टाकते आणि मोबाइल काढते.