शिरेतून भुलेचा सिम्युलेटर: सहा-सात महिने वापरल्यावर

नेरूळच्या आमच्या कॉलेजात हा पुतळा पावसाळ्याच्या तोंडावर आला. गॅसशिवाय, फक्त शिरेतून भूल द्यायचा सराव रेसिडेंटना मिळावा म्हणून घेतला. पुतळा म्हणून झकास: छाती हलते, नाडी लागते, बुबुळं लहानमोठी होतात. पण पंपातून काय गेलं याचा त्याला पत्ताच नसतो. बीआयएसचा (भूल किती खोल आहे ते सांगणारा) आकडा मागे लॅपटॉपवर बसून आपणच खालीवर करायचा. पोरं लगेच शहाणी झाली, पेशंट सोडून माझ्या बोटांकडे बघायला लागली.

मग जुगाड केलं. पंप ओटीतला खरा टीसीआय (रक्तातलं टार्गेट सांगितलं की डोस स्वतः ठरवणारा) घेतला, पुतळ्याच्या हातातली शीर नळीने ड्रेपखालच्या, म्हणजे अंगावरच्या चादरीखालच्या, बाटलीत सोडली आणि सिरिंजमध्ये पाणी घातलेलं दूध भरलं. दिसायला थेट प्रोपोफॉल, म्हणजे शिरेतून द्यायचं पांढरं भुलेचं औषध. (नळ्या त्याच दिवशी धुवा, नाहीतर लॅबमध्ये उभं राहवत नाही. सिरिंजवर ‘फक्त सरावासाठी’ असं ठळक लिहा, ती चुकूनही ओटीत जाता कामा नये.) पंप डोस ज्या गणितावर ठरवतो त्या मार्श आणि श्नायडर या दोन मॉडेलमधला फरक आता डोळ्यांना दिसतो. 70 किलोच्या पेशंटला रक्तातलं टार्गेट 4 मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवलं, तर मार्श सुरुवातीलाच साधारण 64 मिलिग्रॅम ढकलतं आणि श्नायडर जेमतेम 17, कारण त्याचा पहिला कप्पा (औषध आधी जिथे मिसळतं असं धरलेलं आकारमान) वजन कितीही असो, 4.27 लिटरचाच. एक टक्का औषधाचे 6.4 मिली कुठे आणि 1.7 कुठे!

खरी मजा कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) ड्रेपखाली हळूच सोडवली की येते. मी लॅपटॉपवरून नाडी 72 वरून 110 करते, बीआयएस साठीच्या वर, म्हणजे पेशंट जागा होतोय. “मॅडम, पंप तर साडेतीन दाखवतोय!” दाखवणारच. पंप रक्त तपासत नाही, हिशेब करतो. नळी तुंबली तर बोंबलतो. निसटली तर दूध चादरीत मुरतं आणि हा गप्प. त्यात स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल, तर पेशंट जागा होऊनही बोट हलवू शकत नाही. भुलेत जाग येण्यावरच्या ब्रिटनच्या 2014 च्या नॅप-5 अहवालातही शिरेतून भूल देताना ठरलेला डोस पेशंटपर्यंत न पोचणं हे जाग येण्याचं एक मोठं कारण होतं. हल्ली आमची मुलं ड्रेप पडायच्या आधीच “हात दिसू दे” म्हणून सर्जनशी हुज्जत घालतात.

तक्रारी? हाताची कातडी टोचून टोचून गळते आणि नवी यायला महिना जातो. पंप जोडणारं सॉफ्टवेअर ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’ येणार आहे म्हणे. घेणार असाल तर डेमोला स्वतःचा पंप घेऊन जा, लाइन त्यांच्यासमोर काढा आणि पुतळा काय करतो ते बघा. ढिम्म राहिला, तर निव्वळ सरावाचा हात आणि एक जुना पंप यांत आमचं निम्मं काम भागलं असतं.