लॅमिंग्टन रोडवरचं दुरुस्तीचं दुकान आणि आमच्या 2030 सालच्या ठेवी

गिरगावातल्या एका लहान पतपेढीत मी 1999 पासून ठेवींचं काम पाहते. आमचा हिशेब अजूनही व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतो. जानेवारी 2025 मध्ये एका सभासद बाईंची पाच वर्षांची ठेव घेतली आणि मुदतपूर्तीच्या रकान्यात नेहमीसारखं 15/01/30 टाकलं. दुसऱ्या दिवशी मुदत संपलेल्या ठेवींच्या यादीत त्यांचंच नाव! ते मी हाताने खोडलं आणि पुढे पाहिलं नाही, ही माझी चूक. मार्चअखेर अशा 47 पावत्या निघाल्या. प्रोग्रॅमच्या लेखी त्या 1930 मध्येच संपल्या होत्या, म्हणून त्यांच्या व्याजाची तरतूदच झाली नव्हती. लेखापरीक्षकांनी ते पकडलं. पाच वर्षांपेक्षा लांब मुदतीची ठेव आमच्याकडे नाही, त्यामुळे 2024 संपेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

एका विक्रेत्याने सांगितलं, सगळं बदला, सव्वादोन लाख. संचालकांचा जीव वरखाली झाला. मग कुणीतरी लॅमिंग्टन रोडवरचं हे दुकान सुचवलं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जायचं, दुसरा मजला, जिना अरुंद.

तिथल्या गृहस्थांनी आधी सगळ्या फायलींची प्रत काढली, मगच प्रोग्रॅमला हात लावला. जुन्या फोल्डरमध्ये मूळ प्रोग्रॅम, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या आणि बदलता येणाऱ्या ओळी, शिल्लक होता. त्यात त्यांनी मला एक ओळ दाखवली : सेट सेंच्युरी टू 19 रोलओव्हर 30. म्हणजे सालाचे दोनच आकडे टाकले, तर 29 पर्यंत 2000 चं शतक आणि 30 पासून 1900 चं. 1999 च्या डिसेंबरात प्रोग्रॅमर येऊन “आता 2000 ची काळजी नको” म्हणून गेला होता, तो हीच ओळ घालून गेला होता. पूर्वी संगणकाला माहिती द्यायला भोकं पाडलेली पंचकार्डं वापरत; त्यांच्यावर 80 च रकाने असायचे, म्हणून साल दोन आकड्यांत लिहायची सवय लागली. जागा महाग होती तोवर ते ठीकच होतं. पुढे 2000 साल 1900 म्हणून वाचलं जाऊ नये यासाठी ते निस्तरायला जगभर 30 ते 60 हजार कोटी डॉलर लागतील, असा गार्टनर या संशोधन कंपनीचा अंदाज होता.

मी म्हटलं, “अहो, मग 30 च्या जागी 60 करा ना, दोन मिनिटांचं काम.” ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखा कुठल्या?” मला धस्स झालं. 1938 साली जन्मलेल्या आजोबांचा नवा अर्ज भरताना 38 टाकलं असतं, तर ते 2038 ला जन्मले असते आणि त्यांचं अर्धा टक्का जादा व्याज गेलं असतं. दोन शतकांमधली एकच रेघ ठेवी आणि जन्मतारखा दोन्ही सांभाळू शकत नाही. झटपट पैसे घेऊन ती रेघ सरकवून देणारा माणूस मला सहज भेटला असता. यांनी नाही म्हटलं, म्हणूनच मी हे लिहितेय.

त्यांनी चार आकडी साल सक्तीचं केलं. काम दिसतं त्यापेक्षा मोठं निघालं. डेटा फाइलमध्ये साल आधीपासून पूर्णच साठत होतं, पण पडद्यावरचा प्रत्येक चौकोन आठ अक्षरांचा होता, तो दहाचा करावा लागला. पावतीच्या छापील कागदावरही तारीख शेजारच्या रकान्यात घुसायला लागली. मुदतपूर्ती ठेवीच्या तारखेच्या आधीची असलेल्या सगळ्या पावत्यांची यादी त्यांनी काढून दिली. ती मी स्थळप्रतींशी एकेक ताडून पाहिली. 47 च्या 47 जुळल्या.

खर्च 11,000 रुपये. चार दिवस सांगून नऊ लागले, आणि त्या दिवसांत आम्ही पावत्या हाताने लिहिल्या. पक्कं बिल मागितल्यावरच मिळालं. या दोन गोष्टी त्यांनी सुधाराव्यात.

निघताना त्यांनी आमच्या 32 बिटच्या जुन्या लिनक्स सर्व्हरचंही बजावलं : 1970 पासूनचे सेकंद मोजणारं त्याचं घड्याळ 19 जानेवारी 2038 ला, आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरेल, म्हणजे पुढचे सेकंद मोजायला त्यात जागाच उरणार नाही. तो बदलायचा ठराव आम्ही पुढच्या सभेत ठेवतोय.

जाणार असाल तर मूळ प्रोग्रॅमच्या फायली शोधून पेनड्राइव्हवर न्या, नुसता चालणारा प्रोग्रॅम पुरत नाही. रविवारी बंद. दुपारी तीननंतर गेलात तर ते नीट बसून बोलतात.