दोन किलोचा एबीसी एक्स्टिंग्विशर, कार्ब्युरेटरवाली आठशे आणि तो काटा: वर्षभराच्या वापरानंतर

रिफिल करून देणाऱ्याशी मध्यंतरी फोनवर चांगलीच जुंपली, तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहूनच टाकावं. दोन किलोचा एबीसी पावडर एक्स्टिंग्विशर, म्हणजे लाकूड-कागद, पेट्रोल-तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणाऱ्या पावडरीचा आग विझवायचा बाटला, आयएसआय मार्क, आयएस 15683, वर आतला दाब दाखवणारा इवलासा गेज. कंपनीचं नाव घेत नाही. दुकानात चार-पाच कंपन्यांचे हातात घेऊन पाहिले, स्टिकर सोडलं तर मला फरक दिसला नाही. रंग तर सगळ्यांचा लालच. अकराशेला मिळाला, भिंतीचं हूक फुकट. हूकचे स्क्रू मात्र माझेच.

घेतला तो गाडीच्या पेट्रोलकामासाठी. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली मारुती आठशे आहे, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या धाटणीचा भाग). पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून जुन्या रबराचे हाल सुरू झालेत. नळ्या फुगतात, टोकाला क्लिपपाशी चिरतात, पंपाचा डायफ्राम ताठ होतो आणि फ्लोटची निडल नीट बसली नाही की कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो. 2023 पासून नव्या गाड्यांचं रबर-प्लास्टिक ई20 धरून बनवतात. माझ्या गाडीच्या वेळी हा विषयच नव्हता. गॅरेजवाले कार्ब्युरेटर म्हटलं की तोंड फिरवतात, आणि जो हो म्हणतो तो मजुरी अशी सांगतो की तेवढ्यात अख्खं किट येतं. म्हणून नळ्या, फिल्टर, कार्ब्युरेटरची सफाई हे सगळं मी घरीच करतो. सौ.ची अट एकच होती: "पार्किंगमध्ये पेट्रोल उघडणार असाल, तर आधी आग विझवायचं काहीतरी आणा."

पहिले काही महिने मी खूश होतो. खरं सांगायचं तर एक्स्टिंग्विशरपेक्षा त्याच्यामुळे लागलेल्या शिस्तीवर खूश होतो. तो आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काम कुठे करता?" म्हटलं, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये. "उतार कुठे आहे? पाण्याच्या मोटरचा स्टार्टर कुठे आहे?" दोन्ही एकाच दिशेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीवरून उताराला वाहते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की ठिणगीला तेवढं पुरतं. आमची मोटर टाकीतल्या सेन्सरवर आपोआप चालू होते, आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जुळताना ठिणगी पडतेच. म्हणजे मी गाडीखाली हात घालून नळी काढतोय आणि वरच्या मजल्यावर कुणी बादली भरायला नळ सोडला, एवढं जुळून आलं तरी झालं. थंडीत वाफ होत नसेल असं वाटत असेल, तर तेही डोक्यातून काढा. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून सुटते तो, उणे चाळीसच्या आसपास आहे. निफाडचा पारा कितीही खाली गेला तरी तिथवर जात नाही.

तेव्हापासून गाडी ढकलून गेटबाहेर उघड्यावर आणतो आणि वॉचमनमामांना मोटर मॅन्युअलवर टाकायला सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल सगळ्यात आधी काढतो. टाकीचं झाकण सैल करून आतला दाब सोडतो. हातदिव्याचा काचेचा बल्ब बाद, कारण तो गाडीखाली फुटला की आतली तापलेली तार उघडी पडते. डोक्याला बांधायचा एलईडी घेतला. निथळलेलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही, आणि झाकण लगेच बंद. कार्ब्युरेटर क्लीनरच्या स्प्रेलाही हेच नियम, तो पेट्रोलचाच भाऊ आहे. ज्यांच्याकडे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, गाडी आहे त्यांचा मामला आणखी वेगळा: तिथे नळीत साधारण तीन बारचा दाब असतो, क्लिप सैल केली की फवाराच उडतो. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, मगच पान्याला हात लावा. शेजारच्या वॅगन आरवाल्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही कुठे उघडतोय?" शहाणी माणसं.

आता काट्याकडे येतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली जावं, पण माझ्या मते सगळं प्रकरण या काट्यातच आहे.

गेज रुपयाच्या नाण्याएवढा. मधे हिरवा पट्टा, दोन्ही बाजूंना लाल. काटा केसाएवढा, आणि तोही काळा, काळ्याच आकड्यांवर. पार्किंगच्या अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून वाकल्याशिवाय दिसत नाही. अकराशे रुपयांच्या वस्तूत हा गेज कितीचा असेल हो? आणि तरी याच्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. मी डोकं चालवून म्हटलं, वजन करून बघू, बाटल्यावर पूर्ण वजन छापलेलं असतंच. वाण्याच्या वजनकाट्यावर ठेवला, बरोबर भरला. पण नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की दोन किलो पावडरीच्या वर जो नायट्रोजन पंधरा बारने भरतात, तो सगळा मिळून भरतो वीस-पंचवीस ग्रॅम. तो सगळा निघून गेला तरी वाण्याचा वजनकाटा हलेल न हलेल. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) एक्स्टिंग्विशरचं नेमकं उलट: त्याला गेजच नसतो, वजनावरच कळतं. पावडरवाल्यात वजन पावडरीचं सांगतं आणि ती ढकलणारा वायू आहे की नाही हे फक्त तो केसाएवढा काटा सांगतो. काटा खोटं बोलला तर आगीसमोर आपण दोन किलो पीठ घेऊन उभे.

डिसेंबरात काटा हिरव्याच्या मधून डावीकडे सरकला. मी दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "थंडीचं होतं साहेब, उन्हाळ्यात बघा." मला ती टोलवाटोलवी वाटली. पण एप्रिलमध्ये काटा खरंच जागेवर आला. चाळीस अंशांना पंधरा बार असेल तर दहा अंशांना साडेतेराच्या आसपास येणारच, बंद डब्यातल्या वायूचं ते गणितच आहे. त्यामुळे दुकानदाराबद्दल मनात जे काही बोललो होतो ते मागे घेतो. काटा हिरव्यात असेपर्यंत थंडीला घाबरू नका.

मग मे महिन्यात सोसायटीत फायर ड्रिल झालं. प्रशिक्षकांनी लोखंडी ट्रेमध्ये पाणी, त्यावर डिझेल आणि थोडं पेट्रोल ओतून पेटवलं, आणि विचारलं, कोण येतंय? सोसायटीचे एक्स्टिंग्विशर वापरायचे तर कमिटीत ठराव लागतो, म्हणून मी माझाच आणला. पिन काढली, सील तुटलं, दोन-अडीच मीटरवरून ज्वाळांच्या बुडाशी मारा केला. पहिल्या दोन-तीन सेकंदांत आग गायब! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी लिव्हर सोडला, आणि ट्रेच्या तापलेल्या कडेवरून ती परत उठली. प्रशिक्षक ओरडले, "सोडू नका, झाडल्यासारखं डावी-उजवीकडे!" परत दाबला, विझली, आणि माझा एक्स्टिंग्विशरही संपला. सगळा खेळ आठ-दहा सेकंदांचा.

इथे माझं मत बदललं. तोवर मी दोन किलो म्हणजे भरपूर असं सांगत फिरत होतो. ट्रेमधली आग समोर, उघडी, सपाट होती. गाडीखालची तशी नसते. या मॉडेलला होज, म्हणजे वाकवता येणारी नळी, नाही, व्हॉल्व्हलाच आखूड नॉझल आहे. बंपरखाली मारायचं तर अख्खा बाटला आडवा करावा लागतो, आणि आडवा केला की आतल्या नळीचं तोंड पावडरीच्या वर येतं, नुसता वायू फुस्स होतो. बॉनेटखालच्या आगीत तर बॉनेट पूर्ण उघडायचंच नाही, हवा मिळाली की भडका. थोड्या फटीतून आत मारायचं. फटीतून मारायला होज पाहिजेच. होजवाला चार किलोचा दुकानात शेजारीच ठेवला होता. मी तेव्हा सात-आठशे रुपयांसाठी हा उचलला. नळ्या बदलायच्या नसत्या आणि नुसता स्वयंपाकघरासाठी घेतला असता, तर हाच योग्य होता. पेट्रोलसाठी नाही.

पावडरीबद्दलही सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. अमोनियम फॉस्फेटची पिवळसर धूळ वाऱ्याने शेजारच्या दोन स्कूटरवर, कुंड्यांवर, गेटच्या मोटरवर. ती ओलावा धरते आणि ओली झाली की आम्लधर्मी होते, अॅल्युमिनियम आणि वायरिंगचे पितळी कॉन्टॅक्ट खाते. कार्ब्युरेटरची बॉडी अॅल्युमिनियमची, अल्टरनेटरचं कव्हरही. म्हणून इंजिनावर उडाली तर लगेच पाण्याचा पाइप मारू नका. आधी कोरडी झटका, हवेने उडवा, व्हॅक्यूमने ओढा, आणि मग धुवा. तापलेल्या धातूवर तर ती वितळून चिकट काचेसारखा थर धरते. गाडी वाचते, पण पुढचा रविवार जातो. सीओटूचा विचार केला होता, तो काही घाण करत नाही. पण उघड्यावर वाऱ्यात वायू उडून जातो, आणि बाटला इतका जड की सौ.ला उचलणार नाही. मी गाडीखाली असताना तिलाच तो चालवायचा आहे, त्यामुळे हा मुद्दा निकालात.

ड्रिलनंतर रिफिल. साडेतीनशे रुपये. काटा हिरव्यात, मी निश्चिंत. पंधरा-वीस दिवसांत काटा लालाच्या उंबरठ्यावर, मग आत. फोन केला.

"थंडीचं होतं साहेब."

"भाऊ, श्रावणात कसली थंडी?"

मग म्हणाला गेज खराब असेल, गेजचे वेगळे पैसे. मी बाटल्याच्या मानेला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हपाशी बुडबुडे. एकदा लिव्हर दाबला की पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, ती साफ न करता वायू भरला तर हळूहळू गळतोच. थोडासा वापरला तरी पूर्ण रिफिल करा असं सांगतात, ते याचसाठी. बुडबुड्यांचा व्हिडिओ पाठवला. उत्तर: "पावडर पूर्ण भरलीय, वजन करून घ्या." वजन बरोबरच होतं, तेच तर मी वर सांगतोय! रिफिलच्या तारखेचं लेबलही त्याने लावलं नव्हतं, आणि आत पन्नास टक्के अमोनियम फॉस्फेटची पावडर भरली की नव्वदची, हे आपण कसं ओळखणार? भांडण तुटलं ते असं की दुसऱ्या एकाने ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) बदलून, व्हॉल्व्ह साफ करून, वायू भरून दीडशे घेतले. पावडर जुनीच ठेवली, ओलसर नव्हती. तेव्हापासून काटा जागचा हललेला नाही. मी रोज बघतो, सौ. म्हणते देवाआधी त्याला नमस्कार करता.

आता व्यवस्था अशी: होजवाला चार किलोचा घेतला, एकोणीसशेला. काम चालू असताना तो गाडीला चिकटून ठेवत नाही, तीन मीटरवर, गेटच्या वाटेवर, म्हणजे तो उचलायला आगीकडे जावं लागत नाही. शेजारी वाळूची बादली, सांडलेल्या पेट्रोलवर टाकायला. वाळू समोरच्या बांधकामावरून फुकट. पाण्याची बादली ठेवतो ती भाजलेल्या हातासाठी, पेट्रोलवर पाणी ओतलं की ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. आग टाकीच्या बाजूला गेली किंवा एक्स्टिंग्विशर संपूनही उरली, तर सगळं तिथेच टाकून लांब व्हायचं आणि 101 लावायचा, असं घरात ठरलंय. आठशेचा थर्ड पार्टी विमा आहे, मिळणार काहीच नाही, तरी ठरलंय.

दोन किलोचा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेला. त्याला पाचापैकी तीन. होज नाही म्हणून एक कापला आणि काळ्यावर काळा काटा म्हणून एक. रिफिलवाल्याला द्यायला शून्याखाली काही सोय नाही. चार किलोच्या गेजचा काटा लाल आहे, अंधारातही दिसतो. पण त्याच्या हूकला लागणारे स्क्रू पुन्हा डब्यात आले नव्हते.