दुर्बीण की युरेथ्रोप्लास्टी?

पावसात गटारावरची फरशी कलली. एक पाय आत, एक बाहेर आणि सगळं वजन मधल्या जागेवर. लघवीच्या तोंडाशी रक्त, लघवी बंद. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी खालून नळी न ढकलता बेंबीखालून पोटातून घातली, हे माझं नशीब. अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग त्या ढकलाढकलीत पुरता तुटू शकतो. तीन महिन्यांनी डाय घालून एक्स-रे काढला, तर दीड सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर, म्हणजे व्रणामुळे अरुंद झालेला मूत्रमार्ग. (कंबरेचं हाड मोडून मूत्रमार्ग तुटला असेल, तर पुढचं तुमच्यासाठी नाही, ते प्रकरण वेगळं.)

मी आधी दुर्बीणच निवडली, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अरुंद जागा आतून कापायची. बाहेर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, खर्चही कमी. चार महिने धार झकास, मग पुन्हा बारीक. दुसऱ्यांदा दुर्बीण झाली, तेव्हा सोबत गृहपाठ मिळाला: मार्ग पुन्हा आकसू नये म्हणून आठवड्यातून दोनदा 14 नंबरची नळी स्वतः घालून काढायची.

दुखायचं फारसं नाही. पण सासरी लग्न, घरात पंधरा माणसं, बाथरूम एक. आत मी हात धुऊन, जेली लावून, श्वास रोखून उभा आणि बाहेर मेव्हणा कडी वाजवतोय, "दाजी, झालं का?" त्या दिवशी ठरवलं, आता बास.

मग युरेथ्रोप्लास्टी करून घेतली, म्हणजे बाहेरून कापून मूत्रमार्ग दुरुस्त करायची शस्त्रक्रिया. त्यात व्रणाचा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. स्ट्रिक्चर लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर लावतात, पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची पद्धत त्यासाठी जगभर वापरली जाते. सोपं नव्हतं. तीन आठवडे नळी, बसायला उशी, आणि दोनेक महिने ताठरता कमी, ज्याबद्दल कुणी आधी धड बोलत नाही. माझी परत आली. बहुतेकांची येते म्हणतात. चार वर्षं झाली, नळी हातात धरलेली नाही.

माझ्या एकट्याच्या अनुभवावर जाऊ नका. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात परत उद्भवलेल्या स्ट्रिक्चरच्या रुग्णांना दोन्ही उपायांनी आराम साधारण सारखाच पडला. फक्त युरेथ्रोप्लास्टीनंतर पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता जवळपास निम्मी होती. स्ट्रिक्चर छोटं, पहिलीच वेळ, सुट्टी मिळत नसेल, तर एकदा दुर्बीण करून बघायला हरकत नसावी. दुसऱ्यांदा मी तरी करणार नाही. सर्जनला मात्र आधी विचारा, अशा युरेथ्रोप्लास्टी वर्षाला किती करता?