वेल म्हणून नुसती पानं विकली

3,810 रुपये गेले. लाज वाटते, तरी आकडा लिहिते, कारण तो माणूस अजून विकतो आहे.

जूनमध्ये इन्स्टाग्रामवर पांढऱ्या-हिरव्या मनीप्लांटचा फोटो पाहिला. वेल कुंडीतून दोन हात खाली लोंबत होती. फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऊन कमी, आत टांगायला अशीच वेल हवी होती. माणूस फोनवर कोंकणीत बोलला, पेडण्याकडे नर्सरी आहे म्हणाला. आपलाच वाटला. 1,850 रुपये आणि पार्सलचे 180 यूपीआयने आगाऊ दिले. आगाऊ देऊ नका!

कुंडी आली. कोकोपीटमध्ये रोवलेली आठ टवटवीत पानं. मी कुंडी फिरवून फिरवून पाहिली. प्रत्येक पान आपापल्या देठावर सुटं उभं होतं, दोन पानांना जोडणारी कांडी कुठेच नव्हती. तेरा वर्षं मी मनीप्लांट कापून बाटल्यांत लावते. पेराखाली, म्हणजे कांडीवर पान फुटतं त्या गाठीखाली कापायचं, पेर पाण्यात बुडवायचं, हे मी झोपेतही सांगेन. नवा फुटवा येतो तो पेरावरच्या डोळ्यातून, नुसत्या देठाला डोळा नसतो. हे सगळं माहीत असून मी स्वतःची समजूत घातली की कांडी आत पुरलेली असेल. एक पान उपटलं असतं तर तिथेच कळलं असतं. महागाचं म्हणून हात लावला नाही. याच क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

महिन्याभराने पान हलकेच ओढलं तर घट्ट बसलेलं. मुळं धरली होती! त्या आनंदात म्हापशाच्या बहिणीसाठी दुसरी कुंडी मागवली, 1,600 आणि पुन्हा 180. देठालाही मुळं फुटतात आणि पान महिनोन्महिने हिरवं राहतं. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ते सुकतही नाही. पण त्याची वेल कधीच होत नाही.

नवीन पान का येत नाही विचारलं तर म्हणाला, ‘बाय, पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, ही जात हळू वाढते.’ हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. चवथीनंतर बहिणीची पानं कुजली. तिने उपटून पाहिली तर आठही देठ ब्लेडने सपाट कापलेले. फोन केला, तर माझा नंबर ब्लॉक.

स्वस्ताच्या मोहाने गेली असं कुणी म्हणू नये. व्हेरिगेटेड, म्हणजे अशा दुरंगी पानांच्या जातींचे भाव असेच सांगतात.

पोलिसांकडे गेले. ‘झाड पोचलं ना? मग फसवणूक कसली?’ शेजारी बसलेला हसला. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, हद्द आमची नाही. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. तीन अर्ध्या रजा गेल्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते, जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तसं लिहिलंय, पण ते सांगायचं सोडून मलाच ऐकवलं की मनीप्लांट तर शेजाऱ्याकडून फुकट मिळतो! ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, हेही शेवटी ओळखीच्या वकिलाने सांगितलं. तिथे विक्रेत्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त एक यूपीआय आयडी. म्हणून आधी पत्ता आणि बिल मागा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. कटिंगचा पेर दिसेल असा फोटो मागा, टाळाटाळ केली तर घेऊ नका. ऑनलाइन पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, मी तीन महिन्यांनी केला.

बहिणीच्या फोनवरून काल त्याचं इन्स्टाग्राम पेज पाहिलं. लोंबत्या वेलीचा तोच फोटो आहे. भाव आता 2,200.