बिघडू लागलेली हार्ड डिस्क: वॉरंटीत बदलून घ्यावी की नवी आणावी?

हार्ड डिस्क कुरकुर करू लागली आणि तिची वॉरंटी शिल्लक असली, की आपण सर्वांत आधी बिल शोधायला लागतो. त्याआधी डिस्कवरच्या डेटाची दुसरी प्रत आहे का, हे पाहावे, कारण वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. परत पाठवलेली डिस्क पुन्हा आपल्या हाती येत नाही. तिच्या जागी दुसरी येते आणि ती कोरी असते.

दोष डिस्कचाच आहे, याचीही खात्री करून घ्यावी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमोनटूल्स ही मोफत साधने डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी दाखवतात. त्यांतील ५ क्रमांकाची नोंद राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची (म्हणजे डेटा साठवण्याच्या लहान कप्प्यांची), तर १९७ क्रमांकाची नोंद वाचता न आल्याने अधांतरी राहिलेल्या सेक्टरांची असते. या दोन संख्या आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्कचा भरवसा धरू नये. १९९ क्रमांकाची संख्या वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर ही संख्या खाली येत नाही, फक्त वाढायची थांबते. म्हणून आकडे तारखेसह लिहून ठेवावेत.

आता दोन वाटा. वॉरंटीच्या वाटेचा उघड फायदा पैशांचा आहे: खर्च फार तर कुरियरचा आणि सेवा केंद्रापर्यंतच्या हेलपाट्यांचा. मात्र बदली मिळणारी डिस्क पुष्कळदा कारखान्यात दुरुस्त करून पुन्हा तपासलेली असते, आणि तिच्यावर नव्याने पूर्ण मुदत सुरू न होता सहसा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू राहतो. त्यामुळे दोन वर्षांच्या वॉरंटीतले दोनच महिने उरले असतील आणि डिस्क लहान असेल, तर एवढ्या खटाटोपातून फारसे हाती लागत नाही. याउलट पाच वर्षांची वॉरंटी असलेली मोठ्या क्षमतेची डिस्क दुसऱ्याच वर्षी बिघडली, तर ती बदलून न घेणे म्हणजे आपला हक्क सोडून देणे होय. मुदतही मालिकेनुसार बदलते: वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू मालिकेतील अंतर्गत हार्ड डिस्कना सामान्यतः दोन वर्षे, रेड प्लसला तीन आणि रेड प्रोला पाच वर्षे मिळतात. २०११ साली थायलंडमधील पुरामुळे डिस्कचा तुटवडा पडला आणि त्याच सुमारास वेस्टर्न डिजिटल व सीगेट या दोन्ही कंपन्यांनी घरगुती वापराच्या अनेक डिस्कची वॉरंटी कमी केली. तेव्हापासून जुन्या आठवणीवर विसंबून मुदत धरणे धोक्याचे झाले आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून खात्री करावी. लॅपटॉपसोबत आलेल्या डिस्कची जबाबदारी सहसा लॅपटॉपच्या कंपनीकडे असते, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी येताना आणलेली डिस्क भारतात बदलून मिळेलच असे नाही.

नवी डिस्क आणण्याच्या वाटेत पैसे जातात, पण वेळ वाचतो, वॉरंटीची मुदत पहिल्या दिवसापासून मोजली जाते आणि जुनी डिस्क आपल्याच ताब्यात राहते. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वैद्यकीय कागद, अशिलांच्या फायली किंवा घरातल्या माणसांची छायाचित्रे असलेली डिस्क न पुसता अनोळखी हातात देणे मला पटत नाही. डिस्क पूर्वीपासून विंडोजच्या बिटलॉकरने किंवा लिनक्सच्या लुक्सने कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असेल, तर ही अडचण जवळजवळ उरत नाही. तशी ती नसेल आणि आता पुसण्याइतकीही चालत नसेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून ती नष्ट करणे हाच मार्ग मी निवडेन.

डेटाची दुसरी प्रत नसेल, तर तुलनेचे सगळे पारडे फिरते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती ताबडतोब बंद करावी आणि डेटा मोलाचा असल्यास धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत न्यावी. डिस्क उघडल्याने वॉरंटी जाऊ शकते, म्हणून उघडण्यापूर्वी उत्पादकाला लेखी विचारावे. आवाज नसेल आणि डिस्क ओळखली जात असेल, तर घरीच प्रत काढता येते. अशा वेळी विंडोजमधल्या चेकडिस्क या साधनाने दुरुस्ती करू पाहणे घातक ठरू शकते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि मगच खराब भागाकडे वळते. चार टेराबाइटची निरोगी डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने वाचली, तरी सुमारे साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात.

ही प्रत उतरवायला तेवढीच मोठी दुसरी डिस्क लागतेच. म्हणून ज्यांना परवडते त्यांनी आज नवी डिस्क आणावी, तिच्यावर डेटा घ्यावा आणि मग जुनी वॉरंटीत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बदली आलेली डिस्क दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. दोन वर्षांपूर्वी मी हा क्रम पाळला होता, तरी एक चूक केलीच. पुसताना अधांतरी सेक्टरांवर नव्याने लिहिले गेले, १९७ची संख्या शून्यावर आली आणि सेवा केंद्राच्या चाचणीत डिस्क ठीक निघाली. आधी काढून ठेवलेले स्मार्ट नोंदींचे छायाचित्र मजजवळ नसल्याने दोन खेपा वाया गेल्या. तेव्हा आधी प्रत, मग चाचणीचा पुरावा आणि शेवटी पुसणे, हाच क्रम ठेवावा.

पाठवताना डिस्क स्थिरविद्युतरोधी पिशवीत आणि सर्व बाजूंनी जाड फोममध्ये बांधावी, कारण पॅकिंग सदोष असल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. कारण न देता टाळाटाळ झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बदली डिस्क आली, की डेटा चढवण्यापूर्वी तिची स्मार्टची दीर्घ चाचणी पूर्ण करावी आणि ५ व १९७ या दोन्ही नोंदी शून्य आहेत ना, ते पाहावे. नसतील तर ती त्याच आठवड्यात परत करावी.